तीन किलोमीटर बर्फातली तीन वर्षं

ग्रीनलंडच्या बर्फात १४९२.४५ मीटर खोलीवर हिमयुग संपतं. हा अलंकार नाही. सातबाऱ्यावर शेताची हद्द नोंदवावी तशी ही खोली २००८ साली भूशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं मंजूर केली आहे, सेंटिमीटरपर्यंत. बर्फाचा तो तुकडा 'नॉर्थग्रिप' नावाच्या भोकातून काढलेला. तो कोपनहेगन विद्यापीठाच्या शीतगृहात ठेवलेला आहे. हद्दीच्या वरचा बर्फ आपल्या युगाचा, खालचा हिमयुगाचा. हद्दीचं वय इसवी सन २००० च्या आधी ११,७०० वर्षं, आणि मोजणीतली चूक जास्तीत जास्त ९९ वर्षांची. शेती, मोहेंजोदडो, पिरॅमिड, अजिंठा, ज्ञानेश्वरी, आगगाडी, मोबाइल, सगळं त्या रेघेच्या वर. रेघेखाली आणखी सोळाशे मीटर बर्फ आहे. भोकाची एकूण खोली ३,०८५ मीटर. दोन कळसूबाई एकावर एक उभी केली, तर वरचं टोक जेमतेम दोनशे मीटर बाहेर राहील.

पण ज्या आकड्यावर मी अडकलो तो हा नाही. तो आहे ३. त्या रेघेपाशी बर्फाची एक खूण अचानक बदलते. ग्रीनलंडवर पडणाऱ्या हिमाची वाफ कोणत्या समुद्रातून उठली हे ती खूण सांगते. ती बदलायला लागलेला काळ एक ते तीन वर्षं. हजारो वर्षं एका घडीत बसलेलं वाऱ्यांचं वळण, पहिलीतलं पोर चौथीत जाईपर्यंत बदलून गेलं. तापमानाला जरा जास्त वेळ लागला. ग्रीनलंडवर सुमारे दहा अंशांची वाढ व्हायला साठेक वर्षं लागली. त्याआधी, १४,७०० वर्षांपूर्वी, हिमयुगानं पहिल्यांदा पाय मागे घेतला तेव्हा मात्र तापमानाची उडीही तीनच वर्षांत झाल्याचं तोच बर्फ सांगतो. तीन वर्षांचा बर्फ म्हणजे त्या खोलीवर वीतभरसुद्धा नाही.

लाखो वर्षांचे आकडे ऐकले की डोकं सुन्न होतं आणि मग सवय होते. आठ लाख काय, बारा लाख काय! लहान आकड्यांची सवय होत नाही. म्हणून या लेखात मोठे आकडे भरपूर येतील, पण वाचकानं नजर लहान आकड्यांवर ठेवावी.

आधी साठा किती ते पाहू. अंटार्क्टिकावर साधारण २ कोटी ७० लाख घन किलोमीटर बर्फ आहे, ग्रीनलंडवर २९ लाख. सगळा वितळला तर समुद्र पहिल्यामुळे ५८ आणि दुसऱ्यामुळे ७ मीटर चढेल. हा बर्फ म्हणजे गोठलेलं पाणी नव्हे, साचलेलं हिम. एका वर्षाचं हिम पडतं, त्यावर दुसऱ्या वर्षाचं, आणि वितळत कधीच नाही. सत्तर ते शंभर मीटर खाली गेल्यावर वरच्या वजनानं हिमाचा दगडासारखा बर्फ होतो आणि कणांमधली हवा बुडबुड्यांत कोंडली जाते. एक किलो बर्फात साधारण १०० मिलिलिटर जुनी हवा असते, अर्धा कप चहाएवढी. पृथ्वीच्या श्वासाचे एवढे नमुने दुसऱ्या कुणी सांभाळून ठेवलेले नाहीत.

तापमान मात्र हवेत नाही, पाण्यात लिहिलेलं असतं. ते वाचण्याची किल्ली डेन्मार्कच्या विली डान्सगार्ड यांना घरच्या हिरवळीवर सापडली. जून १९५२, शनिवार-रविवार, बाहेर पाऊस. त्यांनी बिअरची रिकामी बाटली घेतली, तिच्या तोंडात नरसाळं बसवलं आणि ती अंगणात ठेवली. प्रयोगशाळेत ऑक्सिजनचे समस्थानिक, म्हणजे त्याचे हलके आणि जड अणू, तोलणारं यंत्र होतं, आणि एका सरीचं पाणी दुसऱ्या सरीपेक्षा वेगळं असतं का एवढंच त्यांना पाहायचं होतं. वेगळं होतं. ढग जितक्या थंडीत रिता होतो, तितका त्यातला जड ऑक्सिजन कमी होत जातो. आता यातला लहान आकडा बघा. पाण्यातल्या दहा लाख ऑक्सिजन अणूंपैकी जड अणू सुमारे दोन हजार. ग्रीनलंडमध्ये तापमान एका अंशानं घसरलं, तर त्या दोन हजारांतून साधारण एक-दीड अणू कमी होतो. दहा लाखांत दीड! एवढा फरक पकडून माणूस सांगतो की अमुक हजार वर्षांपूर्वीचा हिवाळा किती कडक होता. मला चंद्रावर उतरण्यापेक्षा हे अवघड वाटतं, निदान कमी फोटोजेनिक तरी नक्कीच.

किल्ली होती, कुलूप हवं होतं. ते अमेरिकी लष्करानं पुरवलं. शीतयुद्धात त्यांनी ग्रीनलंडच्या बर्फाखाली बोगदे खणून 'कॅम्प सेंच्युरी' नावाचा तळ वसवला होता, छोट्या अणुभट्टीसकट. तिथं १९६६ साली १,३८७ मीटर खोल भोक पाडून बर्फाच्या तळाला हात लागला. डान्सगार्ड यांनी त्या भोकातून निघालेली बर्फाची लांब कांडी, म्हणजे गाभा, मागून घेतली आणि मोजली. हिमयुगाच्या भागात आलेख संथ उतरायला हवा होता. तो करवतीच्या दात्यांसारखा निघाला: झपकन वर, मग रेंगाळत खाली, पुन्हा झपकन वर.

एका भोकावर कोण विश्वास ठेवणार? बर्फ वाहतो, तळाशी दुमडतो, रांगोळी पुसावी तसा विस्कटतो. म्हणून १९८१ साली चौदाशे किलोमीटर दक्षिणेला 'डाय ३' इथं दुसरं भोक पूर्ण झालं, २,०३७ मीटरचं. तेच दाते निघाले. बर्नचे हान्स ओश्गर यांना त्यांच्याशी मेळ खाणाऱ्या खुणा एका स्विस तळ्याच्या गाळात दिसल्या, म्हणून त्या उड्यांना आज 'डान्सगार्ड-ओश्गर घटना' म्हणतात. तरी शंका उरलीच. मग ग्रीनलंडच्या माथ्यावर, जिथं बर्फ सर्वांत कमी सरकतो, युरोपीय आणि अमेरिकी अशा दोन चमूंनी एकमेकांपासून तीसेक किलोमीटरवर दोन स्वतंत्र भोकं पाडली. एक १९९२ साली ३,०२९ मीटरवर थांबलं, दुसरं १९९३ साली ३,०५३ मीटरवर. वरचा नव्वद टक्के बर्फ दोन्हीकडे शब्द न बदलता तीच साक्ष देत होता. खालचे दहा टक्के जुळेनात, आणि तेही बरंच झालं. कुठपर्यंत विश्वास ठेवायचा ते त्यामुळे कळलं. दोन साक्षीदारांनी शेवटपर्यंत एकच गोष्ट सांगितली असती तर मलाच संशय आला असता.

शेवटच्या हिमयुगात, म्हणजे १ लाख १५ हजार वर्षांपूर्वीपासून त्या १४९२.४५ मीटरच्या रेघेपर्यंत, अशा पंचवीस उड्या मोजल्या गेल्या आहेत. दर उडीला ग्रीनलंडचं तापमान काही दशकांत साधारण ८ ते १६ अंशांनी चढलं. हे तिथल्या जागेचं तापमान, सगळ्या पृथ्वीचं नव्हे. हा फरक विसरून 'तेव्हाही तर एवढं वाढलं होतं' म्हणणारे लोक लग्नाकार्यात हमखास भेटतात. पृथ्वीची सरासरी या उड्यांत फारशी हलली नाही. उष्णता एका खोलीतून दुसरीत गेली होती.

वर्षं कशी मोजली हेही पाहण्यासारखं आहे. वसंतात धूळ जास्त उडते, हिवाळ्यात समुद्राचं मीठ जास्त येतं, उन्हाळ्यात आणखी काही. त्यामुळे दर वर्षाची एक नक्षी उमटते. ती यंत्रानं टिपायची आणि डोळ्यांनी एकेक थर मोजत खाली जायचं, झाडाची वलयं मोजावीत तसं. ग्रीनलंडमध्ये अशी ६०,००० वर्षं मोजली आहेत. नक्षी पुसट असेल, थर आहे की नाही कळत नसेल, तर नियम असा: तो अर्धं वर्ष धरायचा, अधिक-उणे अर्धा. साठ हजारांपर्यंत पोचताना हे अर्धे अर्धे साठून चुकीची कमाल मर्यादा सुमारे २,६०० वर्षं होते. हिशेबात एवढा प्रामाणिकपणा मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे.

अंटार्क्टिकाची गोष्ट उलटी आहे. तिथं हिम इतकं कमी पडतं की वर्षं मोजता येत नाहीत, पण काळ पुष्कळ खोलपर्यंत मिळतो. रशियाच्या व्होस्तोक तळावर २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंश तापमान नोंदलं गेलं. जमिनीवरच्या तळावर थेट मोजलेला तो आजवरचा नीचांक. तिथलं भोक ३,६२३ मीटर खोल गेलं आणि १९९९ साली ४ लाख २० हजार वर्षांचा आलेख छापून आला. त्यामागे फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद लोरियस यांची एक संध्याकाळ होती. १९६५ साली अंटार्क्टिकावरच्या मुक्कामात त्यांनी व्हिस्कीत खोल भोकातल्या बर्फाचा खडा टाकला, बुडबुडे फुटताना पाहिले आणि त्यांच्या लक्षात आलं की ही हवा मोजता येईल. एकाची बिअरची बाटली, दुसऱ्याचा व्हिस्कीचा पेला. या शास्त्राचा इतिहास दारूबंदीच्या जिल्ह्यात शिकवायचा कसा हा प्रश्नच आहे.

मग 'डोम सी' इथं युरोपीय चमूनं ८ लाख वर्षं गाठली. त्या सगळ्या काळात हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत १७२ ते ३०० भागांच्या मध्येच झोके घेत राहिला. आज तो ४२० च्या वर आहे. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. मला त्यापेक्षा दुसरा महत्त्वाचा वाटतो. पश्चिम अंटार्क्टिकाच्या ३,४०५ मीटर लांब गाभ्यात, जिथं हिम भरपूर पडतं आणि त्यामुळे थर स्पष्ट असतात, हिमयुगातली सर्वांत वेगवान नैसर्गिक वाढ सापडली: ५५ वर्षांत १४ भाग. सध्या आपण तेवढी वाढ पाच-सहा वर्षांत करतो. विधानसभेच्या एका निवडणुकीपासून दुसरीपर्यंत.

बर्फाची हवा फसवतेही. बुडबुडा बंद व्हायला वेळ लागतो, तोवर वरची हवा खाली झिरपत असते. त्यामुळे बुडबुड्यातली हवा भोवतालच्या बर्फापेक्षा वयानं लहान असते, ग्रीनलंडमध्ये शेकडो वर्षांनी, पूर्व अंटार्क्टिकाच्या हिमयुगातल्या बर्फात काही हजार वर्षांनी. कार्बन डायऑक्साइड आधी वाढला की तापमान, या वादातली कित्येक भांडणं या एका फरकातून उगवलेली आहेत.

एवढा ऐवज ठेवायचा कुठं? मोठ्या फ्रीजमध्ये, दुसरं काय! कोपनहेगन आणि डेन्व्हरजवळचं लेकवुड ही त्यातली मोठी भांडारं. २०१७ साली कॅनडातल्या एका शीतगृहाची यंत्रणा बिघडली आणि थंड करणारी यंत्रं खोलीत गरम हवा सोडू लागली. कॅनडाच्या आर्क्टिक बर्फाचे काही तुकडे वितळून फरशीवर पाण्याची डबकी झाली. हजारो वर्षं टिकलेला बर्फ फडक्यानं पुसून काढावा लागला. आपल्याकडे असा बर्फ गोव्यात आहे. वास्कोजवळ हेडलँड सडा इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात, बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असताना, आत उणे २० अंशांच्या खोलीत लोक अंगभर कपडे घालून अंटार्क्टिकाचे गाभे कापत असतात. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीमही डिसेंबर १९८१ मध्ये गोव्यातूनच निघाली होती.

बर्फ काय झालं ते सांगतो, का झालं ते सांगत नाही. तिथं संगणक लागतो. संशय पहिल्यापासून एकाच गोष्टीवर होता, अटलांटिक महासागरातल्या उलथापालथीच्या प्रवाहावर. उष्ण, खारं पाणी पृष्ठभागावरून उत्तरेला जातं, तिथं गार होऊन जड होतं, बुडतं आणि तळातून दक्षिणेला परततं. या प्रवाहातून सेकंदाला सुमारे १ कोटी ७० लाख घनमीटर पाणी जातं. जगातल्या सगळ्या नद्या एकत्र केल्या तर सेकंदाला बारा लाखांच्या आसपास भरतात. आपल्या हिशेबात सांगायचं तर १०५ टीएमसीचं कोयना धरण हा प्रवाह तीन मिनिटांच्या आत काठोकाठ भरेल. त्याच्याबरोबर उत्तरेकडे जाणारी उष्णता माणूस जगभर वापरतो त्या सगळ्या ऊर्जेच्या साठेक पट आहे.

आणि हे चाक अडतं कशानं? गोड्या पाण्यानं. उत्तर अटलांटिकवर वितळलेल्या बर्फाचं पाणी पसरलं की वरचं पाणी हलकं होतं आणि बुडायला नकार देतं. हेन्री स्टॉमेल यांनी १९६१ साली नळीनं जोडलेल्या दोन भांड्यांचं गणित मांडून दाखवलं की असा प्रवाह दोन वेगवेगळ्या स्थितींत तितकाच सुखानं राहू शकतो, आणि एकीतून दुसरीत घसरला तर सहज परत येत नाही. १९८८ मध्ये स्युकुरो मानाबे आणि रोनाल्ड स्टॉफर यांना पृथ्वीच्या पूर्ण संगणकी मॉडेलमध्येही तशाच दोन स्थिती सापडल्या. मानाबे यांना २०२१ चं नोबेल मिळालं.

प्रवाह मंदावला की उत्तर गारठते आणि न पोचलेली उष्णता दक्षिणेत साठते. एक बाजू खाली, दुसरी वर, जत्रेतल्या सी-सॉसारखी. हे अंटार्क्टिकाच्या बर्फात दिसायला हवं, आणि दिसतं. मिथेन वायू वर्षभरात जगभर मिसळतो, म्हणून त्याच्या खुणेनं दोन ध्रुवांची घड्याळं जुळवता येतात. तसं जुळवल्यावर कळलं की ग्रीनलंडनं उडी मारली की अंटार्क्टिकाचं तापमान उलट दिशेनं वळायला सुमारे दोनशे वर्षं लागतात. महासागरातून निरोप पोचायला लागणारा वेळ तो एवढा.

आता मॉडेलचे आकडे. हिमयुगाच्या टोकापासून आजपर्यंतची सुमारे २२,००० वर्षं सलग चालवून पाहणारं एक गाजलेलं मॉडेल अमेरिकेत झेंग्यू ल्यू, बेट ऑटो-ब्लिस्नर आणि सहकाऱ्यांनी महासंगणकावर चालवलं. त्याचे पहिले निष्कर्ष २००९ साली आले. त्यात वातावरणाच्या चौकटी पावणेचार अंशांच्या होत्या, म्हणजे आपल्या अक्षांशावर बाजूला साधारण चारशे किलोमीटर. अख्खा महाराष्ट्र दोन चौकटींत संपतो. सह्याद्री, कोकण, मराठवाड्याचा दुष्काळ, सगळं दोन आकड्यांच्या सरासरीत. वेळेचं पाऊल अर्ध्या तासाचं धरलं तर २२,००० वर्षांत ३८ कोटींहून जास्त पावलं पडतात, आणि दर पावलाला प्रत्येक चौकटीत वारा, ऊन, ओलावा यांचं गणित पुन्हा मांडायचं.

मॉडेलनं ग्रीनलंडच्या आलेखाशी चांगला मेळ दाखवला. पण एक गोष्ट सांगायला हवी. वितळलेलं पाणी समुद्रात कधी आणि किती सोडायचं हे माणसांनी ठरवून दिलं होतं. उत्तरपत्रिका शेजारी ठेवून सोडवलेलं गणित चूक नसतं, पण ती परीक्षाही नसते. २०११ साली ब्रिस्टलच्या पॉल वाल्डेस यांनी स्पष्टच लिहिलं की आपली मॉडेलं जरा जास्तच स्थिर बांधलेली आहेत, आणि बर्फात दिसणाऱ्या अचानक उड्या ती स्वतःहून क्वचितच मारतात. अलीकडे काही मॉडेलं बाहेरून पाणी न ओतताही अशी आंदोलनं करू लागली आहेत, पण हवेतला कार्बन डायऑक्साइड ठरावीक, हिमयुगी मर्यादेत असेल तरच. म्हणजे ज्या यंत्रावर आपण उद्याचं भाकीत करतो, त्याला कालचा धक्का देणं आत्ता कुठं जमू लागलं आहे. मला हे मॉडेलविरोधी वाटत नाही. उलट, त्याची खोड बर्फानं पकडली हेच बर्फाचं मोल.

ग्रीनलंडच्या या उड्या ग्रीनलंडपुरत्या राहिल्या असत्या तर आपल्याला त्यांच्याशी काय देणंघेणं होतं? पण १९९८ साली जर्मन शास्त्रज्ञांनी अरबी समुद्राच्या तळाचा गाळ तपासला, पाकिस्तानच्या किनाऱ्यापुढचा, तेव्हा त्यात १ लाख १० हजार वर्षांची तीच करवत निघाली. नैर्ऋत्य मोसमी वारे जोरात असले की खोल पाणी वर येतं, त्यात जीव फोफावतात आणि तळावर काळा, थरांचा गाळ बसतो. ग्रीनलंड उबदार, तर इथं काळा गाळ. ग्रीनलंड गारठलं, तर पांढुरका. म्हणजे तिकडे उत्तरेत चाक अडलं की इकडे मान्सून मंदावत होता. त्या काळात समुद्राची पातळीही आजच्यापेक्षा पार १२० मीटरपर्यंत उतरली होती. मुंबई हायचे तेलाचे मनोरे उभे आहेत तिथं साधारण ७५ मीटर पाणी आहे. तेव्हा तिथं चालत जाता आलं असतं.

आपल्या युगाच्या पोटातही हद्दी आहेत. दुसरी हद्द नॉर्थग्रिपच्याच बर्फात १२२८.६७ मीटरवर आहे, ८,२०० वर्षांपूर्वीची. तेव्हा कॅनडातल्या बर्फाचा बांध फुटून अगासिझ नावाचं महाकाय तळं समुद्रात रिकामं झालं. अंदाजे दीड लाख घन किलोमीटर पाणी, म्हणजे पन्नास हजार कोयना. ग्रीनलंड वीस वर्षांच्या आत तीनेक अंशांनी गारठलं आणि दीडशे वर्षं तसंच राहिलं. तिसरी हद्द बर्फात नाही. ती चेरापुंजीजवळच्या मावम्लूह गुहेत, छतावरून ठिबकणाऱ्या पाण्यानं वाढलेल्या एका चुनखडीच्या स्तंभात आहे. ४,२०० वर्षांपूर्वी मान्सून आटल्याची ती खूण. २०१८ पासून आपण ज्या कालखंडात जगतो त्याचं अधिकृत नाव मेघालयन. जगातल्या सर्वाधिक पावसाच्या मुलखाचं नाव, आणि साक्ष दुष्काळाची.

जानेवारी २०२५ मध्ये डोम सीपासून जवळच 'लिटल डोम सी' इथं युरोपीय चमू २,८०० मीटरवर तळाला पोचला. हाती आलेला सलग बर्फ निदान १२ लाख वर्षांचा. त्याच्या तळाकडच्या एका मीटरमध्ये १३,००० पर्यंत वर्षं दाबलेली आहेत. एका वर्षाची जाडी ०.०८ मिलिमीटर, वहीच्या पानाएवढी. हे तुकडे उणे पन्नास अंशांत बोटीनं युरोपात आले आणि वितळवले जाऊ लागले. बर्फाची उभी कांडी तापलेल्या धातूच्या तबकडीवर ठेवतात. ती खालून थेंब थेंब वितळते आणि पाणी नळ्यांमधून मोजणीच्या यंत्रांत जातं. अशा कामाचा नेहमीचा वेग मिनिटाला साधारण तीन सेंटिमीटर. त्या वेगानं १३,००० वर्षांचा मीटर अर्ध्या तासात संपतो. इतक्या खाली शेजारशेजारच्या वर्षांचं पाणी एकमेकांत मिसळलेलं असतं, त्यामुळे १४९२.४५ मीटरवर दिसली तशी झटक्याची उडी तिथं असेलही, पण वेगळी ओळखता येणार नाही. तबकडीवरून तीन वर्षं निघून जायला अर्धा सेकंदही लागत नाही.